पाण्याने राखलेले घर
इंग्लंडमधील मध्ययुगीन खंदकवेष्टित मॅनर-स्थळे आणि त्यांचे पुरातत्त्वीय महत्त्व



स्मृतिव्याख्यानाला लोक जमतात ते एका नामवंत माणसाच्या आठवणीसाठी, आणि पुरातत्त्वज्ञ माती उकरतात ती बहुधा ज्यांची नावेही मागे उरली नाहीत अशा माणसांच्या आठवणीसाठी; त्यामुळे माती, गाळ आणि साचलेले पाणी यांत टिकून राहिलेल्या स्मृतीचा विषय या व्यासपीठावर मांडणे अनुचित ठरणार नाही. हा विषय इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील एका अगदी साध्या दिसणाऱ्या अवशेषाचा आहे. गवताळ कुरणात एक चौकोनी खळगा असतो, त्यात कधी पाणी तर कधी नुसती दलदल असते, खळग्याच्या मधोमध थोडासा उंचवटा असतो, त्यावर झुडपे माजलेली असतात, आणि भिंत, कमान, शिलालेख असे काहीही दृष्टीस पडत नाही. तरीही इंग्लंडच्या सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशांवर अशा खळग्याशेजारी, प्राचीन अवशेषांसाठी राखून ठेवलेल्या वळणदार जुन्या लिपीत, ‘मोट’ हा शब्द छापलेला असतो. अशी सुमारे ६,००० स्थळे एकट्या इंग्लंडमध्ये ज्ञात आहेत. ज्या खळग्यात पाहण्यासारखे काही नाही, त्याची एवढी नोंद कशासाठी? हे खळगे कोणी खणले, कधी खणले, आणि आज त्यांचा उपयोग काय? या प्रश्नांचा विचार क्रमाने करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा होणे आवश्यक आहे. ‘मॅनर’ हा शब्द आज मोठ्या घराला लावला जातो, परंतु मध्ययुगात तो जमीनव्यवस्थेचे नाव होता. राजाकडून किंवा वरिष्ठ सरदाराकडून मिळालेली जमीन ज्याच्या ताब्यात असे, तो त्या मॅनरचा धनी; त्यातील काही जमीन तो घरखेडीसाठी राखून ठेवत असे, उरलेली कुळांकडे असे, आणि कुळांपैकी जे बंधनात असत त्यांना धन्याच्या शेतावर ठरलेले दिवस वेठीने राबावे लागे. धन्याचे स्वतःचे न्यायालय असे, त्यात वारसाहक्कापासून गुरे दुसऱ्याच्या पिकात शिरल्याच्या तक्रारीपर्यंत सारे निवाडे होत. या सर्व व्यवहाराचे केंद्र म्हणजे धन्याचे घर: मधोमध उंच छताचा हॉल, ज्यात जेवणावळी होत आणि न्यायही दिला जाई, त्याला लागून कुटुंबाची खासगी दालने, वेगळे स्वयंपाकघर, क्वचित छोटे प्रार्थनामंदिर, आणि भोवती धान्याची कोठारे, गोठे, तबेले. या घराभोवती खंदक खणला की ते खंदकवेष्टित मॅनर-स्थळ झाले.

दुसरा शब्द ‘मोट’. मराठी शेतकऱ्याच्या मोटेशी त्याचा काही संबंध नाही, पण त्याची स्वतःची कुळकथा बोधप्रद आहे. जुन्या फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ उंचवटा किंवा टेकाड असा होता, आणि इंग्रजीत येऊन स्थिरावताना तो टेकाडावरून खड्ड्यावर घसरला. ही घसरण आकस्मिक नाही, कारण खड्डा आणि उंचवटा ही एकाच कष्टाची दोन रूपे आहेत. समजा, ५० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद असे बेट करावयाचे आहे, आणि त्याभोवती वरच्या बाजूला ८ मीटर, तळाशी ४ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असा खंदक खणावयाचा आहे. हिशेब केला तर सुमारे २,८०० घनमीटर माती निघते, आणि ती सगळी आतल्या बेटावर पसरली तर बेटाची जमीन एक मीटरहून अधिक उंच होते. एक माणूस दिवसाला २ घनमीटर ओली चिकणमाती खणून वाहून टाकतो असे धरले, तर वीस माणसांना सत्तर दिवस लागतील. प्रत्यक्षात सगळी माती आतच टाकली जाई असे नाही. कुठे ती बाहेरच्या बाजूला बांधासारखी रचली जाई, कुठे शेतात पसरली जाई. तरीही कामाचा आवाका या हिशेबातून कळतो. हे काम एखाद्या राजाला किरकोळ होते, साध्या शेतकऱ्याला अशक्य होते, आणि मधल्या थरातल्या धन्याला मात्र, कसोशीने का होईना, परवडणारे होते.

आता कालाचा विचार. बहुसंख्य खंदक १२५० ते १३५० या एकाच शतकात खणले गेले, आणि त्यांची दाटी सर्वाधिक आढळते ती इंग्लंडच्या मध्य आणि पूर्व भागांत. सफोक आणि एसेक्स या परगण्यांत तर ते शेकड्यांनी मोजावे लागतात. याच काळात आणि याच प्रदेशात का? याचे एक कारण जमिनीखाली आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी मागे ठेवलेली जड चिकणमाती या भागांत पसरलेली आहे. तिच्यात पाणी झिरपून जात नाही, त्यामुळे खणलेला चर आपोआप भरून राहतो, आणि घर कोरडे ठेवायचे तर भोवती चर खणून निचरा करण्यावाचून गत्यंतर नसते. दुसरे कारण जमिनीवर आहे. तेराव्या शतकात लोकसंख्या वाढत होती, धान्याचे भाव चढत होते, वेठीचे श्रम हाताशी होते, आणि जंगले तोडून नवी शेते काढण्याचे काम जोरात चालले होते. ब्रायन रॉबर्ट्स या भूगोलज्ञाने वॉरिकशरमधील आर्डन प्रदेशाचा अभ्यास करून दाखवून दिले की, तेथील अनेक खंदक अशा नव्या तोडलेल्या जमिनींवर, स्वतंत्र हक्काने जमीन कसणाऱ्या लोकांच्या घरांभोवती आहेत. म्हणजे खंदक खणणारे सगळेच सरदार नव्हते. त्यांत छोटे जहागीरदार होते, जंगल तोडून वर आलेले शेतकरी होते, चर्चचे धर्मगुरू होते, मठांची शेते सांभाळणारे कारभारी होते.

त्या शतकाचा शेवट मोठा करुण आहे. १३१५ ते १३१७ या काळात सततच्या पावसाने पिके कुजली आणि महादुष्काळ पडला. १३४८-४९ मध्ये प्लेगच्या साथीने लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा नाहीसा केला. राबणारे हात उरले नाहीत तेव्हा मजुरी वाढली, घरखेडीची जमीन धन्यांनी खंडाने देऊन टाकली, आणि नवे खंदक खणणे जवळजवळ थांबले. खंदक कोणाच्या श्रमावर उभे होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

यानंतर येतो तो या विषयातला सर्वांत वादाचा प्रश्न. खंदक कशासाठी खणला? मराठी श्रोत्याच्या मनात खंदक म्हटले की परांड्यासारखा भुईकोट किल्ला उभा राहतो, म्हणजे दुहेरी तट, बुरूज, तोफा आणि वेढा. इंग्लंडमधील मॅनर-स्थळांना हे चित्र लागू पडत नाही. बहुतेक ठिकाणी आत भक्कम तट नव्हताच, तर लाकडी चौकटीत कुडाच्या भिंती घातलेले घर होते. काही ठिकाणी खंदक तीनच बाजूंना आहे. काही ठिकाणी आत जाण्यासाठी उचलता पूल नसून मातीचा कायमचा बांध आहे. असा खंदक सैन्याला एक दिवसही थोपवू शकला नसता. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की खंदक हे प्रतिष्ठेचे चिन्ह होते. मोठ्या सरदाराच्या किल्ल्याभोवती पाणी असते, म्हणून लहान धन्यालाही आपल्या घराभोवती पाणी हवेसे वाटले. पाण्यात घराचे प्रतिबिंब पडले की घर दुप्पट दिसते, आणि पुलावरून, देवडीखालून आत येणाऱ्या कुळाला आपण कोणाच्या दारात आलो आहोत हे सांगावे लागत नाही.

या मताच्या बाजूने बराच पुरावा आहे. घराच्या भिंतींवर किल्ल्यासारख्या चर्या बांधायच्या असतील तर राजाचा परवाना घेण्याची रीत होती, आणि हे परवाने लोक मोठ्या हौसेने मिळवीत. लडलोचा लॉरेन्स हा लोकरीचा व्यापारी. त्याने १२९१ मध्ये स्टोकसे येथील घरासाठी असा परवाना मिळवला. यॉर्कशरमधील मार्केनफील्ड हॉलला तो १३१० मध्ये मिळाला, आणि ते घर आजही पाण्याने वेढलेले उभे आहे. आयर्लंडमध्ये खंदकवेष्टित स्थळे मुख्यतः इंग्लंडहून गेलेल्या वसाहतवाल्यांची, पण रॉसकॉमन परगण्यातील क्लूनफ्री येथे १३०० च्या सुमारास कॉनॉटच्या गेलिक राजघराण्यातील ओकॉनर राजाचेच निवासस्थान अशा चौकोनी खंदकाच्या आत होते. प्रतिपक्षाच्या घराचा घाट जेव्हा स्थानिक राजा उचलतो, तेव्हा तो घाट मानाचा झालेला असतो.

परंतु एवढ्यावर थांबणे योग्य होईल काय? कॉलिन प्लॅट या इतिहासकाराने २०१० मध्ये हा प्रश्न पुन्हा उघडला आणि सुरक्षिततेची बाजू आग्रहाने मांडली. सैन्य हा एकच शत्रू असतो का? १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने बाजारगावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंची २०० फुटांपर्यंतची झुडपे तोडून टाकण्याचा हुकूम दिला, तो वाटमाऱ्यांना लपायला जागा राहू नये म्हणून. लेस्टरशरमधील फोलव्हिल बंधूंच्या टोळीने १३२६ मध्ये राजाच्या अर्थखात्याच्या न्यायाधीशाचा खून केला, आणि १३३२ मध्ये दुसऱ्या एका न्यायाधीशाला पळवून नेऊन त्याच्याकडून १,३०० मार्क खंडणी वसूल केली. न्यायाधीशांची ही गत, तर खेड्यात राहणाऱ्या धन्याच्या कोठाराची आणि गुरांची काय शाश्वती? रात्रीच्या अंधारात गुरे हाकून नेणाऱ्या चोराला दोन मीटर खोल पाणी पुरेसे होते, आणि कुडाच्या घराला आग लावू पाहणाऱ्यालाही ते दूर ठेवू शकत होते.

मग खरे कोणते, प्रतिष्ठा की सुरक्षितता? या वादातून मिळणारा धडा असा की, प्रश्नाची मांडणीच पुन्हा तपासावी लागते. ज्याच्या घरात चोरण्यासारखे काही आहे त्यालाच खंदकाची गरज, आणि ज्याला खंदक परवडतो त्याच्या घरात चोरण्यासारखे काही आहे हे जाहीर. गरज आणि मिरवणे येथे एकाच पाण्यात मिसळलेली आहेत. शिवाय पाणी साचले की त्याचे दहा उपयोग निघतात: आग विझवणे, गुरांना पाजणे, घराभोवतीचा निचरा, आणि शुक्रवारी व ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांस वर्ज्य असल्याने लागणारे मासे. मात्र शौचकूप खंदकावरच काढलेला असेल तर माशांसाठी वेगळी तळी खणावी लागत, आणि खंदकाला चरांनी जोडलेली अशी तळी अनेक ठिकाणी आढळतात. म्हणून खंदक एकटा पाहून चालत नाही. त्याच्या भोवतालची तळी, बागा, कोठारे, चर्च आणि गाव यांच्यासह तो पाहावा लागतो.

ही दृष्टी अभ्यासकांनाही हळूहळूच आली. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील मातीकामांचे वर्गीकरण झाले तेव्हा घराभोवतीच्या खंदकांना एक स्वतंत्र वर्ग मिळाला, पण तो केवळ आकारावरून. १९५२ मध्ये मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने उजाड मध्ययुगीन खेड्यांचा अभ्यास करणारा गट स्थापन झाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी खंदकस्थळांसाठी वेगळा गट निघाला. जीन ल पातुरेल यांनी यॉर्कशरच्या खंदकस्थळांचा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. आणि १९८६ मध्ये हे दोन्ही गट एक झाले, ही घटना संस्थात्मक दिसली तरी वैचारिक होती. खेडे अभ्यासणारे आणि धन्याचे घर अभ्यासणारे यांना कळून चुकले होते की, ज्या हातांनी खंदक खणला ते हात खेड्यात राहत होते, आणि ज्या धान्यावर खेडे जगत होते ते धान्य खंदकाच्या आतल्या कोठारातही जात होते.

आता व्याख्यानाचा गाभा. पुरातत्त्वाला या स्थळांचे महत्त्व का? त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण बेटाच्या मातीखाली आहे. खंदकातली माती आत टाकली गेली, तेव्हा तिच्याखाली आधीची जमीन जशी होती तशी झाकली गेली. नांगराचे ओरखडे, जुन्या घरांच्या खांबांचे खड्डे, त्या काळच्या झाडाझुडपांचे परागकण, सारे त्या थराखाली बंद झाले. त्यामुळे खंदकापूर्वी तेथे काय होते हे सांगता येते, आणि बऱ्याचदा उत्तर असे मिळते की घर आधीचे, खंदक नंतरचा. ऑक्सफर्डशरमधील चाल्ग्रोव्ह येथे बॅरेंटिन घराण्याचे मॅनर होते, त्याचे उत्खनन १९७६ ते १९७९ या काळात झाले आणि अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील सर्वांत संपूर्णपणे उकललेल्या खंदकस्थळांपैकी हे एक. तेथे खंदकापूर्वीची वस्ती सापडली. तेराव्या शतकाच्या मध्याला खंदक आणि मुख्य इमारती आल्या. पिढ्यान्‌पिढ्या दालने वाढत गेली. आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस घर पाडले गेले. याच घराण्यातील ड्रू बॅरेंटिन हा सोनार १३९८ आणि १४०८ असा दोनदा लंडनचा महापौर झाला. त्याचे नाव दप्तरात आहेच. पण त्या घराण्याच्या स्वयंपाकघराची जागा, चुलींची राख आणि खरकट्यातली हाडे कुठल्याही दप्तरात नव्हती, ती मातीने सांगितली.

दुसरे कारण स्वतः पाणी आहे. लाकूड, चामडे, कापड, धान्याचे दाणे, किडे यांना कुजवणारे सूक्ष्मजीव हवेवर जगतात. पाण्याने भरलेल्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून तेथे कुजणे मंदावते आणि सातशे वर्षांपूर्वीचा चामडी जोडा टाक्यांसह टिकतो. कोरड्या जमिनीवरच्या उत्खननात मडक्यांची खापरे आणि हाडे मिळतात, आणि त्यामुळे मध्ययुग खापरांचेच होते असा भास होतो. खंदकाच्या गाळात लाकडी वाडगे, दोर, फळांच्या बिया, शेणकिड्यांचे पंख मिळतात, आणि ते जग लाकडाचे आणि चामड्याचे होते हे ध्यानात येते. खंदकाच्या तळाशी पुलाच्या आडव्या तुळया टिकून राहतात. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते, ओल्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. या वलयांचा क्रम ज्ञात क्रमाशी जुळवला तर झाड कोणत्या सुमारास तोडले हे कळते, आणि साल शाबूत असेल तर नेमके वर्षही सांगता येते. राजाच्या परवान्यात तारीख असते ती परवानगीची. पुलाच्या तुळईत तारीख असते ती कामाची.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. खंदक गाळाने भरू नये म्हणून तो वेळोवेळी उपसला जाई, आणि प्रत्येक उपशाबरोबर जुना गाळ बाहेर जाई. म्हणून तळाचा गाळ म्हणजे खणल्या काळचा गाळ असे समजणे चुकीचे ठरते. पुष्कळदा तो शेवटच्या उपशानंतरचा, म्हणजे घराच्या पडत्या काळाचा असतो. घराची भरभराट बेटावर वाचावी आणि घराची अखेर खंदकात वाचावी, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

तिसरे कारण संख्येचे आहे. राजवाडे आणि मोठे किल्ले थोडे असतात, आणि प्रत्येकाची कहाणी वेगळी असते. खंदकस्थळे हजारो आहेत, आणि ती समाजाच्या मधल्या थराची आहेत, ज्याच्याविषयी राजदरबारच्या बखरी फारसे बोलत नाहीत. कॉर्नवॉलमधील पेनहॅलम येथे घर चौदाव्या शतकात ओस पडले, त्या जागी पुन्हा कोणी बांधले नाही, आणि १९७३ पर्यंत चाललेल्या उत्खननात हॉल, स्वयंपाकघर, प्रार्थनामंदिर आणि पूल यांचा अख्खा आराखडा जोत्यांच्या रूपाने समोर आला. केंटमधले आइटम मोट, किंवा १४८२ चा परवाना मिळालेले नॉरफोकचे ऑक्सबरा हॉल, ही पाण्यातली देखणी घरे प्रवाशांना भुरळ घालतात. पण ती टिकली म्हणूनच शतकानुशतके बदलतही गेली. जे घर टिकले नाही, तेच कधी कधी एका काळाचे जास्त शुद्ध चित्र देते.

आणि आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी आधीचे सारे विवेचन केले. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नधान्याचे उत्पादन वाढवण्याच्या निकडीत इंग्लंडमध्ये अनेक खंदक यंत्रांनी बुजवले गेले आणि बेटे नांगरली गेली. पुढे अनेक स्थळांना कायद्याचे संरक्षण मिळाले, १९७९ च्या कायद्यानुसार संरक्षित स्थळावर परवानगीविना खणता किंवा भरता येत नाही, आणि हे स्वागतार्हच आहे. परंतु स्मारक म्हणजे काय? कायदा रेषा आखतो ती जमिनीवर, आणि खंदकाचे मोल आहे ते ओलाव्यात. रेषेच्या आत कोणी कुदळ मारली नाही, पण शेजारच्या शेतात निचऱ्याच्या नळ्या टाकल्या आणि भूजलाची पातळी खाली गेली, तर गाळात हवा शिरते, आणि सातशे वर्षे टिकलेले लाकूड काही वर्षांत भुसभुशीत होते. वरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. तोच खळगा, तेच गवत, नकाशावर तेच अक्षर. आतला दस्तऐवज मात्र पुसलेला.

भिंत पडली तर आवाज होतो, लोक धावतात, वर्गणी गोळा होते. गाळ सुकला तर आवाज होत नाही. म्हणून अशा स्थळाचे रक्षण करणाऱ्याला दगडांपेक्षा पाण्याची पातळी मोजावी लागते, आणि घाईने खणण्यापेक्षा पुष्कळदा न खणता ओले राहू द्यावे लागते. धन्याने हे पाणी आपले घर आणि आपला मान राखण्यासाठी अडवले होते. घर गेले, मान गेला, घराण्याचे नावही बहुतेक ठिकाणी गेले. पण वीस माणसांनी सत्तर दिवस राबून जो चर खणला असेल, त्याच्या तळाशी त्यांच्यापैकी कोणाचा तरी झिजलेला जोडा अजून ओल्या गाळात असू शकतो. तो तेथे आहे तोवर त्या माणसाची साक्ष काढता येईल, आणि तो तेथे राहावा यासाठी एवढेच करावयाचे आहे की ते पाणी आटू द्यावयाचे नाही.